‘काटकसरी जनुका’ची उपपत्ती : एक पुनर्विचार

मिशिगन विद्यापीठातील आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली मधुमेहावर लिहिलेला निबंध हा या विषयातील मोजक्या विचारप्रवर्तक लेखनांपैकी एक होय. मधुमेह जर इतका घातक, तर त्याला पोषक अशी जनुके निसर्गनिवडीत गळून का पडली नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. सुकाळ आणि उपासमार यांच्या फेऱ्यात सापडलेल्या आदिमानवाला मिळालेले अन्न तत्परतेने साठविणारी जनुके तारक ठरली. अन्नाची ददात मिटताच तीच मारक झाली, असे त्यांचे उत्तर होते. या जनुकसंचाला त्यांनी ‘काटकसरी’ हे विशेषण दिले.

निबंधाच्या शीर्षकाअखेर नीलांनी प्रश्नचिन्ह ठेवले होते, आणि १९८२ मध्ये मूळच्या शरीरक्रियाविषयक कल्पनेत त्यांनी स्वतःच फेरफार केला. अनुयायांनी मात्र ते प्रश्नचिन्हच गाळले. परिणामी, एखाद्या समाजात मधुमेह अधिक दिसला की त्याचे खापर त्या समाजाच्या रक्तावर फोडण्याची प्रथा पडली. या उपपत्तीतील खरा दोष येथे आहे. जनुक म्हणजे पूर्वजांनी ठेवलेली ठेव, अशी तिची धारणा आहे. ते जनुक केव्हा, कोणत्या पेशीत आणि किती प्रमाणात कार्यान्वित होते, हा प्रश्न तिच्यात गौण ठरतो.

वस्तुतः या प्रश्नाचे महत्त्व नीलांच्या निबंधाच्या आदल्याच वर्षी प्रस्थापित झाले होते, आणि तेही शर्करेच्याच अभ्यासातून. कोलाय जंतूतील दुग्धशर्करा पचविणारी जनुके ती शर्करा उपलब्ध नसताना एका दमनकारी घटकामुळे रोखलेली असतात, हे झाकोब व मोनो यांनी १९६१ मध्ये पॅरिस येथून दाखवून दिले. मानवी देहातील व्यवस्था याहून जटिल असली, तरी तत्त्व निराळे नाही. उपाशीपोटी ग्लुकागॉनच्या प्रभावाने यकृतातील ग्लुकोज घडविणाऱ्या विकरांची जनुके जागृत होतात. जेवणानंतर इन्शुलिन ‘फॉक्सओ-१’ या प्रथिनास पेशीकेंद्राबाहेर घालवून त्यांचे कार्य मंदावते. हा आदेश यकृताने जुमानला नाही, म्हणजे उपाशीपोटीही रक्तातील साखर चढी राहते.

रुग्णांवरील संशोधनातूनही हेच प्रत्ययास येते. वंशपरंपरेने तारुण्यातच उद्भवणाऱ्या मधुमेहाच्या एका प्रकारात दोष असतो तो ‘एचएनएफ-१ए’ या जनुकात, असे १९९६ मध्ये निष्पन्न झाले. हे जनुक स्वतः ग्लुकोज हाताळीत नाही. इतर जनुकांचे नियमन करणारे प्रथिन ते घडविते. या प्रकारचे निदान चुकल्यास, ज्याला सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या बहुधा पुरेशा झाल्या असत्या, त्या तरुणाच्या वाट्याला वर्षानुवर्षे इन्शुलिनची सुई येते. सर्वसामान्य मधुमेहाशी निगडित असे ‘टीसीएफ७एल२’ जनुकातील भेद २००६ मध्ये आइसलंडमधील संशोधनातून उजेडात आले आणि पुढच्याच वर्षी पुण्यातील रुग्णांतही आढळले. त्यांपैकी प्रमुख भेद जनुकाच्या अशा भागात आहे की, जेथे प्रथिनाची संहिताच नाही. अर्थात तेथेही संशयाची सुई नियमनाकडेच वळते.

दुसरा आक्षेप आला तो गर्भावस्थेच्या अभ्यासातून. काटकसर पूर्वजांकडून येत नसून गर्भातील कुपोषणातून अंगी बाणते, असे हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये प्रतिपादिले. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याकडील बालकांचे स्नायू तुटपुंजे, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भधारणा झालेल्या व्यक्तींच्या ‘आयजीएफ-२’ या जनुकावरील मिथिल-खुणा सहा दशकांनंतरही उणावलेल्या होत्या, असे २००८ मध्ये आढळले. तथापि अशी खूण आढळणे म्हणजे ती रोगाचे कारण असल्याचे सिद्ध होणे नव्हे, याचा विसर पडता कामा नये. अन्यथा नीलांच्या अनुयायांचाच दोष त्यांच्या टीकाकारांच्या पदरी पडेल.

नीलांच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. सामोआ बेटांवरील लोकांत बहुप्रचलित असलेला ‘सीआरईबीआरएफ’ जनुकाचा एक भेद २०१६ मध्ये प्रकाशात आला. तो असता पेशी अधिक मेद साठवितात व कमी ऊर्जा खर्चितात. काटकसरीचे याहून चपखल उदाहरण मिळणे कठीण. परंतु हा भेद धारण करणाऱ्यांचे वजन वाढत असले, तरी त्यांना मधुमेहाचा धोका उलट कमीच असतो! काटकसर आणि मधुमेह यांची जी सांगड उपपत्तीने गृहीत धरली, ती तिच्या सर्वोत्तम उदाहरणातच सुटते.

सारांश, नीलांचा प्रश्न अद्याप जिवंत आहे; त्याच्या उत्तराची जागा मात्र बदलली आहे. जनुकसंच बदलणे माणसाच्या हाती नाही. पण त्याचे नियमन ज्या परिस्थितीत घडते, तिच्यातील गर्भवतीचे ताट आणि रुग्णाचे अचूक निदान या दोन गोष्टी तरी समाजाच्या हाती आहेत. मधुमेहाला वंशाचे प्राक्तन म्हणून मोकळे होणारा अभ्यासक या दोहोंकडे पाठ फिरवितो.