मुखवट्यावरील प्रेम

खेळाच्या मैदानांत संघाबरोबर एखादें केसाळ, भलत्याच मोठ्या डोक्याचें सोंग नाचावें आणि हजारों सुशिक्षित प्रेक्षकांनीं त्याच्या हातास हात लावण्यासाठीं मुलांसारखी धडपड करावी, हा प्रकार आमच्या कांहीं विद्वान् मित्रांस पोरकट वाटतो. अमेरिकेंत, क्रिकेटशीं दूरचें नातें सांगणाऱ्या बेसबॉलच्या खेळांत ही चाल विशेष रुळली आहे. आणि हल्लीं घाटंजीसारख्या कापसाच्या बाजाराच्या गांवींही आमचे विद्यार्थी ती घरबसल्या मोठ्या कौतुकानें पाहतात. मित्रांचा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. या प्रेमांत दोष आहे खरा. पण तो पोरकटपणाचा नव्हे.

प्रथम हें प्रेम जडतें कशावर तें पाहूं. खेळाडू आज या संघांत तर उद्यां दुसऱ्या. शिवाय हरल्यास त्याच्यावर आपला रोष. सोंगावर रोष कसा करावा? जिंकून देण्याचें काम त्याच्याकडे नसतेंच. न्यूयॉर्कच्या मेट्स संघानें १९६४ सालीं चेंडूच्या डोक्याचा 'मिस्टर मेट' मैदानांत उतरविला, त्या वर्षीं संघ १०९ सामने हरला. अशा वेळीं प्रेक्षकांस हवा असतो तो पराभवांतला सोबती. ही गरज पोरांची नव्हे, माणसांची आहे.

या प्रेमास आंतील माणूस दिसतच नाहीं असेंही नाहीं. सॅन डिएगो शहरांत टेड जियानूलस नांवाचा तरुण १९७४ पासून एका रेडिओ-केंद्रासाठीं कोंबड्याचें सोंग घेऊन मैदानांत थट्टामस्करी करीत असे. १९७९ सालीं त्याचें मालकांशीं बिनसलें, त्यास काढण्यांत आलें, आणि कोंबड्याच्या पोषाखांत दुसरा माणूस उभा करण्यांत आला. प्रेक्षकांनीं या नव्या माणसाची हुर्यो उडविली! पुढें २९ जून १९७९ रोजीं जियानूलस एका प्रचंड अंड्यांतून पुन्हां मैदानांत अवतरला, तेव्हां सुमारें ४७,००० लोक जमले होते. चेहरा तर झांकलेलाच होता. ओळखली गेली ती त्याची चाल, त्याची वेळ साधण्याची हातोटी, थोडक्यांत त्याची कला. रसिकता ती हीच.

आमच्याकडे ही रसिकता फार जुनी आहे. बहुरूपी, ज्यास रायरंद असेंही म्हणतात, शिपायाचा पोषाख करून दारीं येई, घरधन्यास पकडून नेण्याची धमकी देई, आणि घरांतील मुलें एकाच वेळीं भीत व हंसत. शिपाई खोटा आहे हें मोठ्यांस ठाऊक असे, आणि आपण ओळखले गेलों आहों हें त्यासही ठाऊक असे. सोंग संपतांच तोच माणूस स्वतःच्या आवाजांत बिदागी मागे, व पसाभर ज्वारी किंवा जुनें लुगडें त्याच्या झोळींत पडे. कौतुक सोंगाचें व्हावयाचें. पण तें पोंचे माणसास.

आतां दोष. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा गांवीं, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजांतील पांच जणांस जमावानें ठार मारिलें. ते बहुरूपी नव्हते. पण बहुरूप्याप्रमाणेंच गांवोगांव फिरून पोट भरणारे होते. पुढें पांच वर्षांनीं, २०२३ सालीं, गोव्यांत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांचें प्रतीक होता 'मोगा' नांवाचा गवा. या नांवांत कोंकणींतील 'मोग', म्हणजे प्रेम, हा शब्द सहज ऐकूं येतो. अशा सोंगाच्या आड कोण आहे हें विचारण्याची कोणास गरज वाटत नाहीं. आईबाप खुशाल आपलें मूल त्याच्या कडेवर देतात. कुंपणाच्या आंत, यजमानांच्या हमीवर, परका जीव आपलासा होतो. कुंपणाबाहेर पोटासाठीं दारीं आलेला परका मात्र चोर ठरतो. मग आमचें प्रेम सोंगावर आहे, कीं त्या हमीवर?

कोणी म्हणतील, आजच्या दिवसांत अनोळख्यास दारांत कसें उभें करावें? सावधगिरी वाईट नव्हे. परंतु सावधगिरी म्हणजे विचारपूस. अफवा म्हणजे विचारपुशीचा अभाव. आमच्या लहानपणीं आमच्या मातोश्री रायरंदास आधीं गांव विचारीत, मग मुलेंबाळें विचारीत, आणि मगच सूप घेऊन बाहेर येत. विद्यार्थ्यांनीं मैदानांतील सोंगावर खुशाल लोभ करावा, आम्हीही त्यांच्यासवें टाळ्या पिटूं. मात्र दारीं आलेल्याचें नांवगांव विचारण्याची ती जुनी रीति त्यांनीं मोडूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.