'सिव्हिलायझेशन' खेळांतील आश्चर्यांचा अग्रक्रम: एक पाठचिकित्सा

ह्या त्रैमासिकांत पोथ्या, दप्तरें व ताम्रपट यांखेरीज अन्य विषयास क्वचितच जागा मिळते. संगणकावरील एका खेळाचें परीक्षण येथें पाहून कित्येक वाचक नाक मुरडतील हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या खेळांत अलेक्झांड्रियाचें ग्रंथालय, गिझाचे पिरॅमिड व आग्र्याचा ताजमहाल बांधावयाचा असतो, आणि कोणतें काम आधीं हातीं घ्यावें यावर खेळणाऱ्यांत अखंड वाद चालतो, त्या खेळाशीं इतिहासाच्या अभ्यासकास कांहींच कर्तव्य नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या नातवानें गेल्या सुटींत हा खेळ आमच्या पुढें मांडला, आणि सोबत आश्चर्यांची एक प्रतवारीहि वाचून दाखविली. खेळ आम्हांस आवडला. प्रतवारी मात्र आवडली नाहीं, आणि ती कां आवडली नाहीं हेंच येथें सांगावयाचें आहे.

सिड मायर व ब्रूस शेली यांनीं रचिलेला 'सिव्हिलायझेशन' हा खेळ इ. स. १९९१ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला. खेळाडू इ. स. पू. ४००० पासून एका राष्ट्राचा कारभार हातीं घेतो. पाळीपाळीनें शहरें वसवितो, विद्या संपादन करितो, लढाया व तह करितो. आश्चर्य म्हणजे साऱ्या जगांत एकदांच बांधतां येणारी वास्तु. जें राष्ट्र ती प्रथम पुरी करील त्यासच तिचें फळ मिळतें. पहिल्या आवृत्तींत अशीं एकवीस आश्चर्यें होतीं, प्राचीन, मध्य व अर्वाचीन अशा तीन गटांत सात सात.

नातवाच्या प्रतवारींत 'उत्तम', 'मध्यम' व 'त्याज्य' असे तीन रकाने होते. कोणती आवृत्ति समोर ठेवून ते भरले, हें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. हा दोष लहान नाहीं. पिरॅमिडांचेंच उदाहरण घ्या. १९९१ च्या आवृत्तींत ते ज्याच्याजवळ असतील त्यास अराजकाचा काळ न सोसतां राज्यपद्धति बदलतां येते. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तींत प्रत्येक शहरास धान्याच्या कोठाराचा लाभ होतो. २००१ च्या तिसरींत तोच लाभ एका खंडापुरता उरतो. २००५ ची चौथी पुन्हा राज्यपद्धतीकडे वळते आणि सर्व पद्धति एकदम खुल्या करिते. २०१० च्या पांचवींत दोन कामकरी फुकट मिळतात व जमिनीच्या सुधारणेचा वेग पावपटीनें वाढतो. २०१६ च्या सहावींत कामकरी एकच, पण प्रत्येक कामकऱ्याच्या हातून एक काम अधिक होतें. नांव एक आणि पाठ सहा! महाभारताच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील प्रति न जुळवितां एखाद्या श्लोकावर सिद्धान्त उभारणाऱ्यास आपण काय म्हणतों? 'पिरॅमिड उत्तम' एवढेंच लिहिणाऱ्यासहि तेंच म्हटलें पाहिजे.

म्हणून आम्ही एक आवृत्ति निश्चित करून बोलतों: पांचवी, तिच्या २०१३ च्या पुरवणीसह. बेरजा खेळाच्या साधारण वेगाच्या धरिल्या आहेत.

ग्रंथालयाचा हिशेब पाहूं. ह्या आवृत्तींत अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयास १८५ उत्पादन लागतें. तें पुरें होतांच एक विद्या विनासायास मिळते आणि शहरास एक साधें ग्रंथालयहि फुकट लाभतें. साध्या ग्रंथालयाची किंमत ७५. ती वजा जातां ११० उरतात. म्हणजे ती एक विद्या, आणि सोबतचें थोडें ज्ञान व संस्कृति, आपण ११० ला विकत घेतों. नवें शहर वसविणाऱ्या वसाहतकाराची किंमत १०६ आहे. तेव्हां खरा प्रश्न 'ग्रंथालय चांगलें कीं वाईट' हा नव्हेच. 'ह्या घटकेस एक विद्या हवी कीं एक शहर' हा प्रश्न आहे. जमीन मोकळी पडली असेल व शेजारी ती बळकावण्याच्या बेतांत असेल, तर शहर. चहूंकडे डोंगर वा समुद्र असून पसरावयास जागाच नसेल, तर विद्या. शिवाय वसाहतकार हा ठरल्या पाळीस मिळणारच, विद्या मात्र शर्यत जिंकली तरच. हरणाऱ्यास घातलेल्या उत्पादनाच्या बदल्यांत थोडें सोनें मिळतें, गेलेल्या पाळ्या मिळत नाहींत. खेळाच्या काठिण्याच्या आठ पायऱ्या आहेत. शेवटच्या 'देवता' ह्या पायरीवर प्रतिस्पर्धी राष्ट्रें कांहीं विद्या आरंभींच शिकून आलेलीं असतात. तेथें ग्रंथालयाच्या मागें लागणें म्हणजे मृगजळामागें धांवणें होय.

येथें थोडें विषयान्तर केल्यास वाचक क्षमा करतील. एका संस्थेच्या बैठकीस आम्ही सभासद या नात्यानें हजर होतों. शिल्लक रकमेंतून सभागृह बांधावें कीं एका घराण्याचें विकावयास निघालेलें दप्तर घ्यावें, असा प्रश्न होता. सभागृह चांगलें कीं दप्तर चांगलें यावर दोन तास भाषणें झालीं. दप्तर पुढील वर्षीं मिळेल काय, हें कोणी विचारलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं. सभागृह उभें राहिलें. दप्तर रद्दीवाल्याकडे गेल्याचें आम्हांस पावसाळ्यानंतर कळलें. प्रतवारीच्या तीन रकान्यांवरचा आमचा राग थोडासा तेथून आलेला आहे हें कबूल केलें पाहिजे.

दुसरा विचार अधिकाराचा. पांचव्या आवृत्तींत कांहीं आश्चर्यें विशिष्ट धोरण पत्करल्याखेरीज बांधतांच येत नाहींत: बाबिलोनच्या झुलत्या बागांस परंपरेचें धोरण लागतें, पिरॅमिडांस स्वातंत्र्याचें. म्हणजे ज्यानें तें धोरण घेतलें नाहीं तो शर्यतींतून आपोआप बाद होतो. बागांचें फळ सहा धान्य, म्हणजे ग्रंथालयाइतकें डोळे दिपविणारें नाहीं. पण स्पर्धक थोडे असल्यामुळें तें हातीं येण्याची आशा अधिक. प्रतवारींत फळ लिहिलेलें असतें, तें मिळण्याचा संभव लिहिलेला नसतो.

तिसरा विचार स्थानाचा, आणि येथें हा खेळ खरोखर वाखाणण्याजोगा आहे. नबाती लोकांची पेट्रा नगरी वाळवंटांतील खडकांत कोरलेली. खेळांतहि ती वाळवंटालगतच्या शहरींच होते. त्या शहराच्या वाळवंटी घरांस, पूरमैदानें सोडून, एक धान्य व एक उत्पादन अधिक मिळतें. ओसाड सपाटींत जेथें कांहींच पिकत नव्हतें तेथें एक-एक येतें. वाळवंटी टेकडींत दोन उत्पादन होतें तेथें तीन होतें व वर धान्य. ज्या शहराभोंवतीं अशा टेकड्या दाट आहेत त्यास पेट्रा हें पहिलें आश्चर्य. ज्याच्या कडेस वाळूचें एकच घर आहे त्यास तें शेवटचें. मग पेट्रा 'उत्तम' कीं 'त्याज्य'? नातवास हें विचारतां त्यानें प्रथम नकाशा उघडला. उत्तराची हीच योग्य रीत होय.

ताजमहालाविषयीं मात्र आमची तक्रार आहे. चौथ्या व पांचव्या आवृत्तींत तो पुरा होतांच राष्ट्रांत सुवर्णकाळ सुरू होतो, आणि म्हणून प्रतवारींत तो वर चढतो. मुमताजमहल इ. स. १६३१ मध्यें बऱ्हाणपुरास वारली. १६३० ते १६३२ ह्या वर्षांत गुजराथ व दख्खन दुष्काळानें उजाड झाली होती. थडग्याचें काम त्यानंतर लगेच सुरू झालें. वास्तूपासून वैभव उपजतें हा खेळाचा न्याय येथें उलटा पडतो: वैभव आधीं होतें, वास्तूनें तें खर्चिलें. उत्पादन लागतें म्हणून खर्च दाखविलाच आहे, असें खेळाचे कैवारी म्हणतील. खरें, पण तो खर्च एकाच शहराच्या वहींत मांडिला जातो.

ग्रंथालयाच्या फळाचा पाठ मात्र पहिल्या आवृत्तींतलाच आम्हांस श्रेष्ठ वाटतो. तेथें नियम असा: जी विद्या इतर दोन राष्ट्रांस अवगत असेल ती ग्रंथालय असणाऱ्या राष्ट्रास आपोआप प्राप्त होते, विद्यापीठाची विद्या निघाली कीं हा गुण संपतो. पुढें असलेल्या राष्ट्रास ह्याचा उपयोग नाहीं, कारण त्यास ठाऊक नाहीं असें दोघांस ठाऊक नसतें. मागें पडलेल्यास मात्र तें संजीवनी आहे. पांचव्या आवृत्तींत नेमकें उलट झालें. जो आधींच पुढें आहे तोच तें प्रथम बांधतो व आणखी पुढें जातो. म्हणजे एकाच नांवाच्या आश्चर्याचा अधिकारी पालटला, आणि प्रतवारी करणारास त्याची वार्ता नाहीं.

इतिहासाशींहि पहिलाच पाठ जुळतो. बंदरांत आलेल्या जहाजांवरील ग्रंथ उतरवून घ्यावे, त्यांच्या नकला कराव्या, मूळ प्रत ठेवून घ्यावी व मालकास नक्कल द्यावी, अशी अलेक्झांड्रियाची चाल गॅलननें नोंदली आहे. दुसऱ्यांजवळ आहे तें गोळा करणें हाच त्या ग्रंथालयाचा धर्म होता, आणि दोन राष्ट्रांची साक्ष मागणारा तो नियम तर पाठसंशोधकानेंच घातला असावा असें वाटतें. सहाव्या आवृत्तींत प्राचीन व अभिजात काळांतील विद्यांस नुसती चालना मिळते. त्या शिकावयाचें काम खेळाडूवरच राहतें. तो पाठ मधला आहे.