झळाळी कोणाची, झळ कोणाला?

आज आम्ही एकच शब्द घेऊन आलो आहोत: झळाळी. जळगावात तो कोशात शोधावा लागत नाही. सराफ बाजारात भाव चढला की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला, ‘सोन्याला झळाळी’. एप्रिल 2025 मध्ये जीएसटी धरून दहा ग्रॅमचा भाव 1 लाखापुढे गेला, तेव्हा तर या शब्दाला उसंत नव्हती.

आता गंमत बघा. भाव वाढला म्हणून सोनं जास्त चमकत नाही. काल जेवढं पिवळं होतं तेवढंच आजही असतं. खरी झळाळी हवी तर दागिना सोनाराकडे उजळायला द्यावा लागतो. म्हणजे मथळ्यातली झळाळी धातूची नाही, आकड्याची आहे.

बाजाराचा जुना शब्द आहे ‘तेजी’. तो फारसीतून आला. तिथे तेज म्हणजे धारदार, चपळ. तेजी भावाचा वेग सांगते आणि गप्प बसते. झळाळी मात्र कौतुक करते. आमचा आक्षेप या कौतुकाला आहे.

कारण झळाळीच्या घरातच दुसरा शब्द नांदतो: झळ. वि. का. राजवाडे यांनी मराठी धातू आणि शब्दांची मुळं आयुष्यभर शोधली. 1926 साली ते धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. शब्द दिसला की त्याचं कूळ विचारावं, ही सवय आपण त्यांच्याकडून घ्यायला हवी. झळ, झळझळीत, झळकणं, झळाळी हे सगळं एकच कुटुंब. पण झळाळी डोळ्यांना दिसते, झळ अंगाला लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की खानदेशात हा फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या दोन कवींकडे बघा. धरणगावचे बालकवी आणि आसोद्याच्या बहिणाबाई. बालकवींचं ऊन कोवळं, डोळे भरून बघावं असं. बहिणाबाईंकडे शेत आहे, चूल आहे, चटका आहे. एकाकडे उजेड दिसतो, दुसरीकडे तो भाजतोही. दोन्ही अनुभव खरे, आणि भाषेला दोन्ही लागतात.

मथळ्याला मात्र एकच पुरतो. ज्या दिवशी सोन्याला झळाळी येते, त्याच दिवशी मुलीचं लग्न ठरलेल्या बापाला झळ बसते. पाच तोळ्यांचे तीन होतात, तिनाचे दोन. बातमी एकच, पण शब्द निवडला तो ज्याच्या तिजोरीत सोनं आहे त्याच्या बाजूचा.

कांद्याचं बघा, तिथे उलट. कांदा महागला की ‘कांद्याने रडवलं’. तिथे शब्द घेणाऱ्याच्या बाजूचा. पिकवणाऱ्याच्या घरी त्या दिवशी चार पैसे आले, हे त्यात कुठेच नाही. सोन्याने कधी कोणाला रडवल्याचं वाचलंय? महाग दोन्ही झाले, मग एकाला झळाळी आणि दुसऱ्याला शिवी का?

कोणी म्हणेल, ‘कापसाला झळाळी’ असंही छापून येतं. येतं, आणि आम्हाला ते वाचून बरंच वाटतं. पण 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला 10 हजारांपुढे गेला, तेव्हा ज्याने उधारी फेडायला दिवाळीतच माल विकला होता त्याच्या ओट्यावर ही झळाळी पोचली नाही. तिथे विचारायला हवं होतं, कापसाला झळाळी की कापूस साठवणाऱ्याला?

शब्द टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. देव्हाऱ्यातली समई झळाळते, पास झालेल्या पोरीचा चेहरा झळाळतो. तिथे तो शोभतोच. भावाच्या बातमीत मात्र ‘भाव वाढला’ एवढं पुरे. आणि उद्या पेपरात झळाळी दिसली, तर शेजारी मनातल्या मनात दुसरा शब्द लिहून बघा. झळ कोणाला लागली, ते लगेच कळेल.