गोगलगाय आणि चाबूक

व्यंगचित्र हसून सोडून द्यावे, असा उपदेश आपल्याकडील रसिक मंडळी वारंवार करतात. २०१२ साली तो फार झाला. शंकर यांचे १९४९ मधील चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होते. संसदेत गदारोळ झाला, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडले, पळशीकरांच्या पुण्यातील कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोड निषेधार्हच. पण त्या गोंधळात चित्र वाचायचे राहून गेले.

घटना नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. लोक बघताहेत. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे, असे चित्राचे कैवारी सांगतात. मुरगूडला वर्गात हे चित्र ठेवले तेव्हा एक पोरगा म्हणाला, ‘सर, गोगलगाईला कुणी चाबूक मारतंय व्हय?’ समीक्षकांना न सुचलेला प्रश्न त्याला सुचला. ज्यांच्या बापजाद्यांनी पाठीवर चाबूक झेलला, त्यांना वरून येणारा चाबूक कुठे पडणार हे शिकवावे लागत नाही.

आणि दिरंगाई तरी कोणाची? मसुदा समितीचे बहुतेक काम एकट्या बाबासाहेबांवर पडले, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९४८ मध्येच घटना समितीत सांगितले होते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी हिशेबच मांडला: ७,६३५ दुरुस्त्या आल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली, आपल्याला तीनही नाहीत. या हिशेबाला व्यंगचित्रात जागा नव्हती.

व्यंगाला आमचा विरोध नाही. १८४३ मध्ये जपानात कुनियोशी या चित्रकाराने, रेशीम रंगवणाऱ्याच्या पोराने, आजारी सरदार रायको आणि त्याच्यामागे दाटलेली भुतावळ रंगवली. चालू राजकारणावर चित्र काढायला बंदी होती, म्हणून जुन्या दंतकथेचा आडोसा. एदो शहरातल्या लोकांनी मात्र ओळखले: सरदार म्हणजे शोगुन, आणि भुते म्हणजे त्याच्या ‘सुधारणां’नी नागवलेली रयत. तिथे हसणारे खाली होते, हसू वर जात होते, आणि धोका चित्रकाराच्या मानेवर होता.

शंकरांच्या चित्रात धोका कोणाला होता? उण्णमती श्याम सुंदर यांनी २०१९ च्या ‘नो लाफिंग मॅटर’मध्ये १९३२ पासूनची बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे एकत्र ठेवली आहेत. सुटे चित्र गंमत वाटते. ओळीने पाहिली की त्याच माणसाला ठेंगणा, पोरकट, हट्टी काढण्याची सवय दिसते. ही सवय एका चित्रकाराची नव्हे, इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्या वर्गाची आहे. आमच्या विद्यापीठांत व्यंगचित्र शिकवायचे असेल तर हे पुस्तक आणि कुनियोशी शेजारी शेजारी ठेवावेत.