दोष दगडाचा की बांधणीचा?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3.56 वाजता किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. नंतर धाराशिव जिल्ह्यात दगडी घराची अशी धास्ती बसली की धड उभे घर सोडून माणसे उघड्यावर, पत्र्याखाली निजू लागली. भीती स्वाभाविक, निदान मात्र चुकले. दगड नुसत्या मातीच्या गाऱ्यात रचलेले, भिंतीची दोन्ही अंगे बांधणारे आरपार दगड नाहीत आणि डोक्यावर माळवदाची जड माती! धक्क्याने अंगे फाकली, माणसे ढिगाऱ्याखाली गेली. खांब-तुळयांचे लाकडी सांगाडे मात्र कित्येक घरांत उभेच होते. ते कोणी नीट पाहिले? भूकंपाच्या धड्याला आपण फळ्यावर भूपट्ट काढतो. गावातल्या भिंतीचा छेद मुलांकडून काढून घेणारा शिक्षक विरळाच.