‘एक होता विदूषक’ : एका उपेक्षित भूमिकेचा पुनर्विचार

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘एक होता विदूषक’ (१९९२) या चित्रपटाची पटकथा व संवाद पु. ल. देशपांडे यांचे. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडून त्यांना हमखास हशाच अपेक्षित होता. या उपेक्षेत चित्रपटाचाच विषय दडलेला आहे.

शिरूर-नारायणगाव भागातील जत्रांतून ज्यांनी तमाशा पाहिला आहे, ते जाणतात की बतावणीतील विनोद एकट्या सोंगाड्याचा नसतो. प्रश्न टाकणारा जोडीदार आणि तत्काळ दाद देणारा प्रेक्षक यांच्या साहाय्याने तो सिद्ध होतो. आबूराव फड सोडून रुपेरी पडद्याकडे व तेथून राजकारणाकडे वळतो, तसतसा हा प्रतिसाद त्याच्यापासून दूर जातो. पुढे न हसणाऱ्या स्वतःच्या मुलीसमोर त्याची हुकमी हजरजबाबी निरुपयोगी ठरते.

विनोदी नटाने एकदा गंभीर व्हावे, एवढ्यापुरतीच या भूमिकेची दखल घेणे अपुरे होय. ज्या वाक्चातुर्यावर बेर्डे यांची लोकप्रियता उभी होती, तेच येथे शोकाचे साधन झाले आहे. म्हणून तमाशाच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनीही हा चित्रपट पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.