बरोबरीच्या भांडणातलं प्रेम

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या चिखल्याला मॉईल या सरकारी कंपनीची भूमिगत मँगनीज खाण आहे. 1952च्या खाण कायद्याने भूगर्भातल्या कामाला बायकांना बंदी होती. जानेवारी 2019मध्ये केंद्र सरकारने ती सैल केली आणि तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना दिवसपाळीत खाली उतरता येऊ लागलं. कामावरचे प्रतिस्पर्धी पुढे एकमेकांच्या प्रेमात पडतात, या कथाप्रकाराचा विचार करताना मला आधी हा कायदा आठवतो. दोघांना एका पाळीत, एका हुद्द्यावर उभं राहायची मुभाच नसेल तर ही कथा घडायची कुठे?

जगात या कथेची चलती आहे. सॅली थॉर्न यांच्या ‘द हेटिंग गेम’मध्ये (2016) समोरासमोर बसणाऱ्या दोन सहायकांचा एकाच बढतीवर डोळा असतो. त्याच्या कितीतरी आधी ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (1940) या चित्रपटात बुडापेस्टच्या दुकानातले दोघे विक्रेते दिवसभर एकमेकांना पाण्यात पाहतात आणि नाव न कळता एकमेकांनाच पत्रं लिहितात. वाचक अशा कथांवर जीव टाकतात याचं कारण मला स्पष्ट दिसतं. मायेच्या माणसाने केलेलं कौतुक गोड असतं, पण त्यावर पुरता विश्वास बसत नाही. आपली चूक काढायला टपून बसलेल्या माणसाने आपलं काम मानलं, तर ते खरं वाटतं. शिवाय त्याने आपल्याला इतकं बारकाईने पाहिलेलं असतं, की प्रेमाचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

मराठीत या जातीची बीजं जुनी आहेत. खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये (1911) भामिनी धैर्यधराला गरीब म्हणून झिडकारते आणि वनमालेच्या वेषात त्याचं कर्तृत्व जवळून पाहिल्यावर बदलते. मात्र पाहिलं जातं ते त्याचंच काम. तिला कामच नाही. पुढे फडक्यांच्या कादंबऱ्यांत प्रेम भरपूर, नोकरीचा घाम क्वचित. व. पु. काळ्यांनी ऑफिसला जाणारा माणूस मराठी कथेत आपलासा केला, पण ‘पार्टनर’मधला (1976) पेच घराचा आणि संसाराचा आहे. ‘अशी ही बनवाबनवी’त (1988) मालकीण बाई आणि नोकर पुरुष असा क्रम उलटला, पायऱ्या मात्र तशाच राहिल्या.

मालिकांनी तर ऑफिस घरोघरी पोचवलं. ‘का रे दुरावा’त (2014) नवरा-बायको एकाच ऑफिसात लग्न लपवून नोकरी करतात. ‘तुला पाहते रे’ (2018) आणि ‘माझी तुझी रेशीमगाठ’ (2021) या दोन्हींत तो कंपनीचा धनी, ती त्याच्याकडे नोकरीला. मोबाइलवर क्रमशः वाचल्या जाणाऱ्या मराठी कथांतही करारी, श्रीमंत ‘बॉस’ ठाण मांडून बसला आहे. माझा आक्षेप इथेच आहे. पगार देणाऱ्याशी होणारी चकमक ही स्पर्धा नव्हे. त्याने नमतं घेतलं तर तो मोठ्या मनाचा ठरतो, तिने घेतलं तर ती शहाणी ठरते. बरोबरीचा निकाल कधी लागतच नाही. आणि ती दोघं दिवसभर नेमकं करतात काय, हे शेकडो भाग पाहूनही सांगता येत नाही. फाइल येते, मीटिंग होते, केबिनचं दार आपटतं.

चिखल्यासारख्या खाणीत लेखकाला असं भागवता येणार नाही. तिथे काम सुरू करण्याआधी डोक्यावरचा दगड पहारीने ठोकून बघतात. भक्कम असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटलेला असेल तर पोकळ. आता समजा, एका पाळीवर दोन पर्यवेक्षक आहेत. तो म्हणतो, खणखणीत आहे. ती म्हणते, पोकळ आहे, माणसं बाहेर काढा. तिचं ऐकलं तर पाळीचं उत्पादन बुडतं, त्याचं ऐकलं तर कुणाचा जीव जाऊ शकतो. या वादात कुणी कुणावर मेहेरबानी करत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तोच दगड पुन्हा ठोकला आणि मान डोलावली, तर त्याहून मोठी कबुली कोणती प्रेमकथा देणार?

खाण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, अभ्यासिका मात्र येते. तुमसर असो की भंडारा, तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली एका खोलीत बसतात, एकमेकांच्या नोट्स मागतात, चाचणीतले गुण चोरून पाहतात. दोघांचा डोळा एकाच यादीवर. मराठी प्रेमकथेला इतकं तयार रान दुसरीकडे मिळणार नाही. याच भागात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, रात्र-रात्र नाटकं चालतात. हा विषय त्या रंगमंचावरही हक्काने उभा राहील, कारण समोर बसलेल्या बहुतेक घरांत असा एक उमेदवार असतोच.

फक्त शेवटाला पळवाट नको. इंग्रजी कथांत पुष्कळदा एकाला दुसरीकडे चांगली नोकरी मिळते आणि पेच अलगद सुटतो. इथे यादी एकच असते. तिचं नाव निवड यादीत आणि त्याचं प्रतीक्षा यादीत लागलं, की त्या संध्याकाळी दोन्ही घरांत काय बोलणं होतं, हे कुणीतरी नावागावासकट लिहायला हवं.